देवगडसमोर समुद्रात काळा पट्टा दिसतोय, हे तेल आहे का? सॅटेलाइट इमेज वाचता येणाऱ्यांनी सांगा

देवगडची_लेक

नमस्कार मंडळी. मी राहते कोल्हापुरात, शाहूपुरीत, पण माहेर देवगड तालुक्यातलं. भाऊ-वहिनी समुद्राकाठी घरगुती निवास चालवतात. चारच खोल्या आहेत. बुकिंग, फोन, पैशाचा हिशेब हे सगळं मी इथून बघते. मे महिना म्हणजे आमचा हंगाम, आणि नेमका तेव्हाच किनाऱ्यावर डांबराचा कचरा येऊन पडतो. वाटाण्याएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत गोळे असतात. वाळू चिकटलेली असल्यामुळे पटकन ओळखू येत नाहीत, आणि उन्हाने मऊ झाले की टाचेला, चपलेला, पोरांच्या गुडघ्यांना लागतात. पाहुणे तसेच ओटीवर येतात. वहिनीने पायपुसण्याशेजारी खोबरेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याचे तुकडे ठेवलेत. पूर्वी रॉकेल ठेवायची, आता रॉकेल मिळतंय कुठे? चादरी वाया जातात त्या वेगळ्याच. शेजारच्या रापणकारांचं तर विचारूच नका. जाळ्याच्या गाठीत ते डांबर बसलं की निघता निघत नाही.

गावात कुणालाही विचारा, "दरवर्षीचंच आहे" हे एकच उत्तर. मला ते पटत नाही. समुद्र काय डांबर पिकवतो का?

माझा भाचा इथे भूगोल विषयात एमएससी करतोय. त्याने सांगितलं की युरोपचा सेंटिनेल-१ नावाचा उपग्रह आहे, त्याच्या इमेज फुकट मिळतात आणि त्यात समुद्रावरचं तेल काळं दिसतं. त्याने मे महिन्यातली एक इमेज उतरवून दिली. देवगडसमोर चांगला मोठा काळा पट्टा आहे! इमेजवर वेळ ००:५२ आहे. म्हणजे मध्यरात्री कुणीतरी सोडून गेलं असणार, असा माझा अंदाज.

माझे प्रश्न असे: हे तेलच आहे ना? कुठल्या जहाजाने सोडलं ते यावरून कळेल का? आणि हा फोटो घेऊन कुणाकडे गेलं तर कुणी ऐकून घेईल?

---

रंकाळ्याकाठचा

ताई, आधी वेळेचं मिटवून टाकू. ००:५२ ही जागतिक वेळ आहे. साडेपाच तास मिळवा, सकाळचे ६:२२ होतात. या उपग्रहाची कक्षाच अशी आहे की आपल्याकडे तो सकाळी सहाच्या नाहीतर संध्याकाळी सहाच्या सुमारास येतो. मध्यरात्रीचा चोर तुमच्या इमेजमधून गेला. पण ही सकाळची वेळ फार कामाची आहे, तिच्याकडे येतोच.

माझं राजारामपुरीत छोटं ऑफिस आहे. पोटापाण्याचं काम ऊस, विहिरी आणि पुराचे नकाशे. समुद्राचं काम मी कमी केलंय, पण हाच उपग्रह रोज वापरतो. तो फोटो काढत नाही, रडारची लहर तिरकी सोडतो आणि परत किती आली ते मोजतो. म्हणून त्याला रात्र आणि ढग आडवे येत नाहीत. लहर असते साडेपाच सेंटिमीटरची. समुद्रावर वाऱ्याने ज्या बारीक सुरकुत्या उठतात, चार-सहा सेंटिमीटरच्या, त्यांच्यावरून ती परत फिरते. सुरकुत्या असल्या की समुद्र करडा-पांढरा दिसतो. तेल पसरलं की सुरकुत्या दबतात, लहर पलीकडे निसटून जाते, आणि तेवढा भाग काळा येतो. रात्री फरशीवर बॅटरी तिरकी मारली तर गुळगुळीत ओली जागा अंधारी दिसते आणि खरबरीत जागा उजळते, तसंच हे.

आता गोम इथेच आहे. रडारला तेल दिसतच नाही, त्याला गुळगुळीत पाणी दिसतं. ते गुळगुळीत का झालं हे रडार सांगत नाही, ते आपण शोधायचं. तुमच्याच इमेजचा पूर्वेचा भाग मिळाला तर त्यात रंकाळा तलाव बघा, काळाकुट्ट असेल. कळंबाही तसाच. तिथे काय कुणी टँकर उलटवलाय?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळपर्यंतचा पूर आम्ही याच इमेजवरून मोजायला बसलो होतो. मोकळ्या रानातलं पाणी काळं, स्वच्छ कळत होतं. उभ्या उसात कमरेएवढं पाणी असलं तरी रडारला वर पानांचा दाट थरच दिसतो, तिथे काळं काही येत नाही. म्हणजे काळं दिसलं म्हणून पूर असेलच असं नाही आणि नाही दिसलं म्हणून पूर नाही असंही नाही. तेलाचा हिशेब याहून नाजूक आहे, कारण समुद्रावर काळं दिसायला शंभर कारणं असतात.

त्यातलं पहिलं कारण म्हणजे वारा. साधारण सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा वारा कमी असला की सुरकुत्याच उठत नाहीत, सगळा समुद्र काळा. दहा-बारा मीटरच्या वर गेला की लाटा तेलाला ढवळून खाली नेतात, तवंग असूनही दिसत नाही. मधल्या वाऱ्यातच ही पद्धत चालते. आता सकाळच्या सव्वासहाला या. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना आपण? दुपारी समुद्राकडून वारा, रात्री जमिनीकडून. पहाटे-सकाळी दोन्हींची अदलाबदल व्हायची असते, किनाऱ्यालगत वारा पडलेला असतो. शिवाय वारा जमिनीकडून असेल तर देवगडच्या सड्यांच्या, म्हणजे उंच कातळी पठारांच्या, आडोशाला पाणी शांत राहतं. म्हणून सकाळच्या इमेजमध्ये किनाऱ्याला चिकटलेला, जमिनीच्या आकाराला धरून जाणारा काळा पट्टा दिसला की माझा पहिला संशय वाऱ्यावर.

दुसरं, एप्रिल-मेमध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रायकोडेस्मियम नावाची सूक्ष्म जिवाणूंची जात (नील-हरित शेवाळ) मातते. पाण्यावर लाकडाचा भुसा टाकल्यासारखे पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात, मच्छीमारांना विचारा. तिचा आणि माशांच्या तेलकटपणाचा पातळ थर पाण्यावर येतो, तोही सुरकुत्या दाबतो. पावसाची सर, पाण्याखालच्या अंतर्गत लाटा, जहाजाच्या मागची शांत पट्टी, हे सगळे तेलाचे सोंग घेणारे.

म्हणून भाच्याला सांगा, एवढं तपासून कळव: पट्टा किनाऱ्यापासून सुटा आहे की चिकटलेला? कडा धारदार आहे की विरत जाणारी? आत किंवा टोकाला पांढरा ठिपका आहे का? जहाज लोखंडी, ते लखलखीत पांढरं येतं. आणि इमेज व्हीव्ही (लहर उभी सोडून उभीच मोजलेली) आहे की व्हीएच (उभी सोडून आडवी मोजलेली)? समुद्रावरून व्हीएचमध्ये इतकं कमी परत येतं की ते यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटातच बुडून जातं. तेलासाठी व्हीव्हीच घ्यायची. स्नॅप हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कॅलिब्रेशन, मग ठिपके कमी करणारा फिल्टर, जमीन झाकणं, आणि शेवटी तेल शोधायचं तयार अवजार मिळेल. ते अवजार फक्त आजूबाजूपेक्षा गडद काय ते उचलतं, तेल की वारा हे त्याला कळत नाही. त्याने लाल रंगवलं म्हणून लगेच व्हॉट्सॲपवर टाकू नका, हात जोडून सांगतो.

आणि एक, जे तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या दारात येतात ते गोळे या इमेजमध्ये कधीच दिसणार नाहीत. समुद्रात पडलेलं कच्चं तेल पहिल्या एक-दोन दिवसांत हलका भाग हवेत सोडतं, मग पाणी शोषून घट्ट तपकिरी लगदा होतो, तो लाटांनी तुटतो, आणि उरतो तो गोळा. अर्धवट पाण्याखाली तरंगत येतो, सुरकुत्या वगैरे दाबत नाही. गोळे किनाऱ्याला लागतात त्या दिवसाची इमेज बघून उपयोग नाही, मागच्या बघायला हव्यात. तवंग वाऱ्याच्या साधारण तीन टक्के वेगाने सरकतो, त्यात प्रवाहाचा वेग मिळवायचा. वारा सेकंदाला पाच मीटर धरला तर दिवसाला तेरा किलोमीटर नुसत्या वाऱ्याने. मे महिन्यात आपल्याकडे वारा बहुतेक वायव्येचा आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे. म्हणजे शोध घ्यायचा तो देवगडसमोर नाही, वर वायव्येला, खोल समुद्रात.

---

पंचगंगा_घाट

रंकाळ्याकाठचे साहेब, मग याच उपग्रहावरून पंचगंगेत रात्री काय सोडतात ते दिसेल का? समुद्र लांब राहिला, आमची नदी इथे आहे.

---

रंकाळ्याकाठचा

नाही हो. बारीकसारीक दिसायची याची मजल वीस मीटरच्या आसपास, नदीच्या रुंदीत मूठभर पिक्सेल बसतात, त्यात काठावरची झाडं आणि पूल. शिवाय सांडपाणी रंगाने वेगळं असतं, गुळगुळीतपणाने नाही. जलपर्णी मात्र सेंटिनेल-२ वर, म्हणजे साध्या प्रकाशातल्या इमेजवर, मस्त कळते. वेगळा धागा काढा, येतो तिथे.

---

इंजिनरूम_गडहिंग्लज

मी गडहिंग्लजचा, टँकरवर सेकंड इंजिनिअर. सध्या सुट्टीवर घरी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

ताईंना "कुणीतरी सोडलं" वाटतंय ते अगदीच चूक नाही, पण सगळं सोडणं बेकायदाही नसतं. मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. इंजिनरूमच्या तळाशी जे तेलमिश्रित पाणी साचतं ते सेपरेटरमधून, म्हणजे तेल-पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून, काढून, दहा लाखात १५ भागांपेक्षा कमी तेल असेल तरच, जहाज चालू असताना बाहेर सोडता येतं. टँकरच्या टाक्या धुतल्याचं पाणी वेगळं. ते किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, दर सागरी मैलाला ३० लिटर तेलाच्या आतच, आणि हे मोजणारं यंत्र चालू असताना. प्रत्येक थेंबाची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात सही करून. तपासणीला बंदरात माणूस आला की आधी तेच पुस्तक मागतो.

आता कुणी सेपरेटरला वळसा घालून पाइप जोडतो. आमच्यात त्याला मॅजिक पाइप म्हणतात. सेपरेटरचा फिल्टर बदलायला पैसे लागतात, गाळ बंदरावर उतरवायला पैसे लागतात, वळसा फुकट. अमेरिकेत यावर जबर दंड होतो आणि जो खलाशी पुरावा देतो त्याला दंडाच्या रकमेतला अर्ध्यापर्यंत हिस्सा कोर्ट देऊ शकतं. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या जहाजांवर लोक जपून असतात. आपल्या बाजूला भीती तेवढी नाही, हे माझं मत.

असं काम अंधारातच होतं, विमानातून दिसू नये म्हणून. रडारला अंधाराचं काही नाही, पण रात्री दोनला सोडलं आणि उपग्रह सहाला आला तर तोवर जहाज नव्वद किलोमीटर पुढे गेलेलं असतं. इमेजवर शेपूट मिळते, जनावर नाही.

जहाज शोधायचं तर एआयएस. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजाला आपली जागा, वेग, नाव सतत प्रसारित करावं लागतं. शेपटीच्या रेषेवरून त्या वेळेत कोण गेलं ते मागे जाऊन जुळवता येतं. कुणी एआयएस बंद ठेवलं असेल तर तो पांढरा ठिपका इमेजवर असतो पण यादीत नसतो, आणि ते स्वतःच मोठं चिन्ह.

---

देवगडची_लेक

बापरे, एवढं सगळं. धन्यवाद. भाच्याला बसवून एक-एक तपासलं.

इमेज व्हीव्हीच आहे. तो मोठा काळा पट्टा किनाऱ्याला चिकटलेलाच आहे, देवगडच्या दीपगृहाखालून सुरू होऊन विजयदुर्गाच्या बाजूला पसरत गेलाय, कडा पिंजलेल्या कापसासारख्या. आत पांढरा ठिपका नाही. विंडी या हवामानाच्या वेबसाइटवर त्या सकाळचा वारा बघितला, देवगडला सेकंदाला दीड मीटर. म्हणजे आमचा पट्टा वाऱ्याचाच, मान्य.

पण भाच्याने दुसरं काढलंय. इमेजच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला एक बारीक काळी रेघ आहे. सरळ येते, मग कोपरात वाकल्यासारखी वळते, आणि इमेज संपते तिथे तुटते. एका बाजूने सुरीने कापल्यासारखी, दुसऱ्या बाजूने विस्कटलेली. तिथे वारा सेकंदाला पाच मीटर दाखवतोय. आजूबाजूचा समुद्र चांगला उजळ आहे.

आणि इमेज तिथेच का संपते? पुढची का मिळत नाही?

---

रंकाळ्याकाठचा

आता बोललात! ही रेघ मला त्या मोठ्या पट्ट्यापेक्षा कितीतरी जास्त संशयास्पद वाटते. वारा मधल्या पट्टीत आहे, भोवती समुद्र उजळ आहे, रेघ अरुंद आणि लांब, एक कड धारदार. चालत्या जहाजाने सोडलेलं असंच दिसतं. वळण जहाजाचं असेल किंवा सोडल्यानंतर वारा-प्रवाहाने ओढल्याचं. रेघ एका टोकाला अरुंद आणि दुसरीकडे रुंद होत गेली असेल तर अरुंद टोक ताजं, जहाज त्या दिशेला गेलं. तरी "तेल आहे" असं मी लिहून देणार नाही. "तेल असण्याची शक्यता जास्त" एवढंच. जगात हे काम रोज करणारेसुद्धा याच भाषेत बोलतात. युरोपात २००७ पासून क्लीनसीनेट नावाची व्यवस्था आहे. उपग्रह वरून गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्या त्या देशाला इशारा जातो, आणि मग विमान किंवा बोट पाठवून खात्री करतात. नुसत्या इमेजवर खटला उभा राहात नाही.

इमेज संपते कारण हा उपग्रह जमीन आणि किनारपट्टीवर रुंद पट्टा टिपतो, २५० किलोमीटरचा, पण उघड्या महासागरावर तसा चालत नाही. तिथे फक्त लाटांसाठी छोटे छोटे चौकोन घेतो. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त खटकतं ते हे. आपल्या डांबराचा उगम जिथे असण्याची शक्यता, तिथेच फुकटची नजर पोचत नाही. त्यात एका उपग्रहाची तीच वाट १२ दिवसांनी परत येते. सेंटिनेल-१ च्या जोडीतला एक २०२१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडला, २०२४ च्या डिसेंबरमध्ये नवा सोडला गेला. आपला भारताचा ईओएस-०४ उपग्रह पण सी-बँड, म्हणजे साधारण एवढ्याच लांबीच्या लहरीच्या, रडारवालाच आहे, फेब्रुवारी २०२२ ला सोडलेला. इस्रोच्या एनआरएससी या संस्थेच्या भूनिधी पोर्टलवर भाच्याने खातं उघडून त्या तारखांचं काही आहे का ते बघावं.

जून उजाडला की हा धंदाच बंद. अरबी समुद्रावर पावसाळी वारा अनेकदा सेकंदाला बारा मीटरच्या वर, रडार आंधळं, आणि ढगामुळे साध्या इमेजही गेल्या. २५ मे २०२५ ला केरळसमोर एमएससी एल्सा-३ हे जहाज बुडालं, टाक्यांत ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल. आदल्याच दिवशी तिथे मान्सून दाखल झालेला. अशा वेळी तटरक्षक दलाला तेल टिपणारी उपकरणं बसवलेली विमानंच उडवावी लागली. मुंबईची ७ ऑगस्ट २०१० ची एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्करही ऐन पावसाळ्यातली. अपघात काय उपग्रहाची सोय बघून होत नाहीत.

---

इंजिनरूम_गडहिंग्लज

रेघेचे अक्षांश-रेखांश खाजगी मेसेजने पाठवा. आमच्या नेहमीच्या मार्गावर पडते का ते सांगतो. जहाजाचं नाव मात्र इथे कुणी टाकू नका, अंदाजावर कंपनीची नोटीस यायची.

---

देवगडची_लेक

पाठवते. पण माझा तिसरा प्रश्न राहिला. कुणाकडे जायचं?

---

रंकाळ्याकाठचा

तेलगळतीचं देशातलं समन्वयाचं काम तटरक्षक दलाकडे आहे. समुद्रात ताजा तवंग दिसला तर १५५४ वर लगेच कळवायचं, त्यासाठी उपग्रहाची वाट बघायची नाही. तुमच्या गावचे मच्छीमार रोज बाहेर जातात, ते दहा उपग्रहांच्या तोडीचे आहेत. फक्त त्यांनी मोबाइलवर फोटो काढताना जागा आणि वेळ चालू ठेवावी. रंगही लिहावा. नुसती चंदेरी झाक म्हणजे थर इतका पातळ की चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुष्यी असेल तर पाच हजार लिटरपर्यंत. धातूसारखी चमक असेल तर पन्नास हजारांपर्यंत. समुद्रावरून उडणारे निरीक्षक याच रंगांवरून अंदाज बांधतात. तवंग पुढे कुठे जाईल याचा अंदाज हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, देतं.

आणि गोळ्यांसाठी इमेजपेक्षा भारी पुरावा तुमच्या ओटीवरच येतोय. प्रत्येक तेलाची रासायनिक ठेवण वेगळी, गोळ्यातही ती बरीचशी टिकते. गोव्याच्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, लोकांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांचा असाच माग काढलाय, आणि बोट टँकरच्या धुलाईकडे गेलंय तसं बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडेही. म्हणजे जहाजवालेच दोषी असं धरून बसू नका. पुढच्या मे महिन्यात पहिला गोळा आला की वहिनींना सांगा, हात न लावता चमच्याने उचलून काचेच्या बरणीत ठेवायचा, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल. प्लास्टिकची पिशवी नको, प्लास्टिकमधलं रसायन त्यात उतरतं. तारीख, वेळ, किनाऱ्यावरची जागा चिठ्ठीवर, आणि बरणी फ्रीजमध्ये.

---

देवगडची_लेक

फ्रीजमध्ये?! सुरमईशेजारी डांबर ठेवलं तर वहिनी मलाच बाहेर काढेल. बर्फाची पेटी चालेल का?

---

रंकाळ्याकाठचा

चालेल. अंधारात आणि थंड राहिलं म्हणजे झालं. दोन बरण्या करा, एक तुमच्याकडे राहू दे.